पेरलेल्या माळावरील पाखरे

गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत कोणा एका देशाची नव्हे. अमेरिकेतील आयोवा राज्यात एके काळी पुरुषभर उंचीच्या गवताचा अफाट माळ पसरलेला होता. तिकडे त्याला ‘प्रेअरी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तेथे पोलादी नांगर आला आणि शंभर वर्षांच्या आत हा माळ शेतांखाली गडप झाला. मूळ प्रेअरीचा हजारांतील एक भागही आज तेथे उरलेला नाही. गवत गेले, तसे त्यात घरटी करणारे पक्षीही ओसरले.

याच राज्यात, डी मॉइन शहराच्या पूर्वेस सुमारे २० मैलांवर, नील स्मिथ राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. एका वीज कंपनीने अणुवीज केंद्रासाठी घेतलेल्या, परंतु त्या कामी न आलेल्या जमिनीवर १९९१ साली त्याची स्थापना झाली. मक्याच्या शेतांत पुन्हा प्रेअरी पेरावयाची, असा संकल्प होता. पण बी आणावे कोठून? जुन्या दफनभूमींचे कोपरे, लोहमार्गाच्या दुतर्फा राहिलेल्या पट्ट्या, असे जेथे जेथे नांगर पोचला नव्हता तेथून ते वेचून आणावे लागले. पेरणीनंतर पहिली दोन-तीन वर्षे तर शेतात तणच माजलेले दिसे. कारण प्रेअरीच्या वनस्पती आधी मुळे खोल रोवतात आणि मगच डोके वर काढतात. पुढे १९९६ मध्ये बायसन, म्हणजे तिकडचे केसाळ रानगवे, तेथे आणून सोडले.

बी माणसाला पेरता येते, बायसन वाहनातून आणता येतो. पक्षी मात्र स्वतःच्या मर्जीने येतो. म्हणूनच हा माळ खरोखर माळ झाला की नाही, याची परीक्षा पक्षीनिरीक्षकाच्या हाती आहे. हेन्स्लोची चिमणी हे याचे उत्तम उदाहरण. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांचे नाव ऑड्युबॉनने तिला दिले. हिरवट डोक्याचा हा पक्षी दिसावयास अगदी साधा, आणि त्याचे गाणे म्हणजे एखादी उचकीच! तेही तो कित्येकदा रात्री गातो. परंतु घरट्यासाठी त्याला दाट गवत तर हवेच, शिवाय गतवर्षीच्या वाळल्या पाचोळ्याचा जाड थर हवा. असे गवत तयार झाल्यावरच हा पक्षी येथे घरटी करू लागला.

येथे एक पेच उभा राहतो. अधूनमधून आग लावली नाही तर प्रेअरीत झुडपे घुसतात; आणि आग लावली की पाचोळा जळून त्या हंगामापुरती हेन्स्लोची चिमणी जाते. उलट टोळचिमणीला विरळ, आखूड गवतच मानवते. यास्तव सगळा माळ एकदम न जाळता आळीपाळीने त्याचे तुकडे जाळणे श्रेयस्कर ठरते. बायसनांच्या चरण्यानेही गवत कोठे उंच, कोठे खुरटे राहते. त्यांच्या मागोमाग गायपाखरूही येते. कोकिळेप्रमाणे ते आपली अंडी दुसऱ्यांच्या घरट्यांत घालते आणि बिचाऱ्या डिकसिसेलला परक्याची पिले पोसावी लागतात. माळाबरोबर त्याची भांडणेही परत येतात ती अशी!

निरीक्षणास उत्तम काळ मेअखेरपासून जुलैपर्यंतचा, आणि वेळ वारा पडलेल्या पहाटेची. येथे डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी लागते. बायसनांच्या कुंपणात मोटारीतून उतरण्यास मनाई आहे. परंतु गाडी थांबवून काच खाली केली की बसल्या जागी बरेच ऐकू येते. बोबोलिंक मात्र पाहावाच. पोटाकडून काळा, पाठीवर पांढरा आणि मानेमागे फिकट पिवळा असा हा नर गात गातच गवतावरून उडतो. तो हिवाळा काढतो थेट दक्षिण अमेरिकेत.

प्रेअरीतील रानकोंबडा मात्र येथे ऐकू येत नाही. त्याला सलग, विस्तीर्ण माळ लागतो. आणि आश्रयस्थानाच्या कुंपणापलीकडे चोहोकडे मका व सोयाबीन उभे आहे.