डायोस्कोरिडीसची पिंपळी

इ. स. च्या पहिल्या शतकात अनाझार्बस येथील डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने औषधी द्रव्यांवर पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. वनस्पती अंकुरताना, बहरात आणि सुकताना स्वतः पाहिल्याखेरीज द्रव्यज्ञान पुरे होत नाही, असा त्याचा आग्रह. सुगंधी द्रव्ये लाकडी पेट्यांत, नेत्रौषधे कांस्यपात्रांत, चरबी कथलाच्या भांड्यांत ठेवावी, इतक्या बारकाईने तो साठवणुकीविषयी लिहितो. औषधालये चालविणाऱ्या आपल्या सभासदांना त्यात परकेपणा वाटू नये.

आम्हांस मात्र त्याची एक चूक अधिक बोलकी वाटते. पिंपळी हे मिऱ्याच्याच झाडाचे कोवळे फळ, असे तो सांगतो. वस्तुतः पायपर लाँगम व पायपर नायग्रम हे वेल निराळे. आपल्या त्रिकटूत तर दोन्ही स्वतंत्र मोजली जातात. भारतातून जहाजाने गेलेला वाळलेला माल तेवढा त्याच्या हाती येई, वेल नव्हे. स्वतःचा नियम जेथे पाळता आला नाही, नेमका तेथेच तो फसला.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? बाजारात रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लान्सिओलाटा मिळते, तर दक्षिणेत अल्पिनिया गलंगा. पुडीवरील नाव एकच, आणि आम्हीही बहुधा पुडीच पाहतो.