बियाण्यावर अधिकार कोणाचा?

सुती कापड वापरणाऱ्या शहरवासीयाला कापसाच्या बियाण्याचा विचार करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. परंतु एखादें नवें बियाणें शेतांत पेरावें कीं नाहीं, हें दिल्लीनें ठरवावें कीं राज्यानें, हा प्रश्न त्याच्याहि जिव्हाळ्याचा आहे. कारण कापसापासून निघालेला हा वाद वांगें व मोहरी यांच्या वाटेनें त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचला आहे.

प्रथम हें बियाणें म्हणजे काय तें पाहूं. जमिनींत आढळणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचा गुणधर्मवाहक अंश, ज्यास जनुक म्हणतात, तो कापसाच्या झाडांत प्रविष्ट केला कीं त्या झाडांत बोंडअळीला मारक असें द्रव्य तयार होतें. हाच बीटी कापूस. त्याच्या लागवडीस केंद्रानें २००२ सालीं मान्यता दिली.

आतां, घटनेच्या राज्यसूचींत ‘शेती’ हा विषय चौदाव्या क्रमांकावर आहे; पिकांचें किडींपासून संरक्षण हेंहि त्यांतच येतें. मग दिल्लीस हा अधिकार कोठून आला? १९७२ सालीं स्टॉकहोम येथें पर्यावरणविषयक जागतिक परिषद भरली. अशा परिषदांचे निर्णय अंमलांत आणण्यासाठीं संसदेस राज्यांच्या विषयांवरहि कायदा करतां येतो, अशी तरतूद घटनेच्या २५३ व्या कलमांत आहे. तिच्या आधारें १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा व त्याखालीं १९८९ चे नियम झाले. त्यांनीं मान्यतेचा विचार केंद्रीय समितीकडे सोंपविला. राज्य समितीकडे तपासणी व दंडात्मक कारवाई, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालील समितीकडे देखरेख आली. होकार देण्याचा अधिकार वर, आणि परिणाम निस्तरण्याचें काम खालीं, अशी ही वांटणी झाली.

महाराष्ट्रानें तिचा अनुभव घेतला आहे. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें बीटी कापसाचींच बोंडें पोखरलीं. त्या द्रव्यास दाद न देण्याची शक्ति अळीच्या अंगीं आली होती. नुकसानभरपाई जाहीर करण्याची पाळी राज्य शासनावर आली. २०१९ सालीं अकोला जिल्ह्यांतील कांहीं शेतकऱ्यांनीं तणनाशक सहन करणाऱ्या, परंतु मान्यता नसलेल्या कापसाची उघडपणें पेरणी केली. तेव्हांच्या कायद्यांत अशा गुन्ह्यास पांच वर्षेंपर्यंत कैदेची तरतूद होती. नियम दिल्लीचा, कारवाई करणारा अधिकारी राज्याचा, आणि दोहोंच्या मध्यें उभा शेतकरी, असें तें दृश्य होतें.

दिल्लीसहि राज्यांचें मत डावलतां आलें नाहीं. २००९ सालीं केंद्रीय समितीनें बीटी वांग्यास अनुकूल मत दिलें. तथापि अनेक राज्यांनीं विरोध कळविल्यावर व सात शहरांत जाहीर चर्चा झाल्यावर फेब्रुवारी २०१० मध्यें पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं त्यास स्थगिति दिली. २०११ पासून शेतांतील चांचण्यांसाठीं राज्याचें ना-हरकत पत्र मागण्याची पद्धति सुरू झाली.

परंतु सर्वच अधिकार राज्यांना द्यावे, हेंहि युक्त नव्हे. परागकण वाऱ्याबरोबर उडतात, बियाण्याचीं पाकिटें मोटारींतून जातात. राज्याची सीमा दोहोंनाहि अडवीत नाहीं. शिवाय जनुकांची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा प्रत्येक राज्यानें निराळ्या उभारणें अवघड आहे. म्हणून सुरक्षिततेची कसोटी देशभर एकच असावी. मात्र एखादें पीक आपल्या जमिनीस, पावसास व बाजारास मानवेल कीं नाहीं, याचें ज्ञान राज्याजवळ अधिक असतें. तेथें त्याच्या मतास नियमांतच स्थान हवें, आणि नकार देतांना कारणें लिहून देण्याचें बंधनहि त्याच्यावर हवें.

जुलै २०२४ मध्यें मोहरीच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचें मान्यतेविषयीं एकमत झालें नाहीं. परंतु केंद्रानें राज्यांशीं विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावें, याविषयीं दोघांचेंहि मत जुळलें. अशा कोणत्याहि धोरणाची परीक्षा एकाच प्रश्नानें करावी: पीक बुडाल्यावर शेतकऱ्यानें कोणाच्या दारीं जावें? ज्यानें होकार दिला त्याच्याच दारीं, असें उत्तर त्यांतून मिळालें, तर अधिकाराची वांटणी नीट झाली म्हणावयाची.