अल्डाब्रा : परवानगीने पाहावयाचे बेट

प्रवासाच्या जाहिरातींत ‘अस्पर्श बेट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जेथे हॉटेल नाही, सडक नाही, बाजार नाही, तेथील निसर्ग आपोआपच शाबूत राहिला असणार, असे तो शब्द ऐकणाऱ्यास वाटते. हिंदी महासागरातील अल्डाब्रा या प्रवाळद्वीपाची हकीकत मात्र निराळी आहे. ते शाबूत राहिले हे खरे. पण आपोआप राहिले नाही.

अल्डाब्रा हा सेशेल्स देशाचा भाग आहे. ते मादागास्करच्या वायव्येस सुमारे ४२० किलोमीटरांवर आहे, तर सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटापासून ११०० किलोमीटरांहून दूर. (हे माहे केरळच्या किनाऱ्यालगतचे नव्हे.) अल्डाब्रावर विमान उतरण्याची सोय नाही आणि नेमाने ये-जा करणारी उतारूंची आगबोटही नाही. जो जातो त्यास बहुधा नौकाच भाड्याने ठरवावी लागते. ताशी आठ सागरी मैल चालणाऱ्या नौकेस माहेहून तेथवर पोहोचण्यास तीन दिवसांहून अधिक लागतात. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडील वारे जोराने वाहतात व समुद्र खवळलेला असतो. म्हणून एप्रिल आणि नोव्हेंबर हे वारा पालटण्याचे शांत महिने जाणकार निवडतात.

बेटाची घडण विलक्षण आहे. समुद्रसपाटीच्या वर उचलल्या गेलेल्या प्रवाळ खडकाचे हे एक मोठे कडे असून, त्याचे चार मुख्य तुकडे पडले आहेत. मधोमध उथळ खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. भरती-ओहोटीत येथे पाण्याची पातळी सुमारे तीन मीटरांनी बदलते. ओहोटीला सरोवरातील बहुतेक पाणी अरुंद खिंडींतून धो धो बाहेर धावते, आणि पायथ्याशी झिजलेले खडक भूछत्रांसारखे उघडे पडतात. भरतीबरोबर तेच पाणी आत लोटते आणि त्यासोबत मासे व शार्क येतात. किनारा मात्र सुरीच्या पात्यांसारख्या धारदार खडकाचा, आणि गोडे पाणी अगदी थोडे. याच दुर्गमतेने आरंभी बेटाचे रक्षण केले.

या खडकावर एक लाखाच्या आसपास महाकाय भूकासवे राहतात. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली मरण पावलेले ‘अद्वैत’ हे प्रसिद्ध कासव याच जातीचे होते. हिंदी महासागरातील इतर बेटांवरची अशी कासवे खलाशांनी खाण्यासाठी गलबतांत भरून नेली व ती नामशेष झाली. अल्डाब्रावरही तोच प्रसंग ओढवेल हे ओळखून १८७४ साली चार्ल्स डार्विन, जोसेफ हूकर आदी शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरास पत्र लिहून कासवांच्या रक्षणाची विनंती केली.

खरे संकट पुढे आले. १९६०च्या दशकात ब्रिटिश सरकारने येथे लष्करी विमानतळ बांधण्याचा बेत आखला. लंडनच्या रॉयल सोसायटीने विरोध केला, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, आणि १९६७ साली पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा हा बेत सोडण्यात आला. परंतु याच काळात चागोस द्वीपसमूहातील दिएगो गार्सिया बेट लष्करी तळासाठी निवडले गेले, व १९६८ ते १९७३ या वर्षांत तेथील रहिवाशांना घरदार सोडावयास लावण्यात आले. कासवांना जे कैवारी लाभले, ते त्या माणसांना वेळेवर लाभले नाहीत. निसर्गरक्षणाचा अभिमान बाळगताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१९७१ साली पिकार्ड या पश्चिमेकडील बेटावर संशोधन केंद्र उभे राहिले. १९८२ साली युनेस्कोने अल्डाब्राचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. परवान्यावाचून पाऊल ठेवता येत नाही. प्रवाशांसाठी धर्मशाळा वा हॉटेल नसल्याने रात्रीचा मुक्काम नौकेवरच.

एवढी कडक शिस्त कशासाठी, हे पूर्वीच्या चुकांवरून कळते. माणसांनी आणलेल्या मांजरांनी उडू न शकणारा एक पक्षी पिकार्ड बेटावरून नाहीसा केला. हा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी १९९९ साली शेजारच्या बेटावरून आणून तेथे पुन्हा वसवावा लागला. सोडलेल्या बकऱ्यांनी झुडपे फस्त केली. दुपारच्या उन्हात सावली न मिळाल्यास भूकासव तापून मरते, म्हणून झुडूप जाणे म्हणजे कासव जाणे होय. बकऱ्यांचा पुरता निकाल लागण्यास २०१२ साल उजाडले. कोकणातल्या अंगणात गोड वाटणारा आपला शिपाई बुलबुलदेखील मॉरिशसमार्गे २७ किलोमीटरांवरील असम्प्शन बेटावर पोहोचला होता. तो अल्डाब्रात शिरून तेथील पाखरांना उपद्रव देऊ नये, म्हणून कित्येक वर्षे खपून त्याला असम्प्शनवरून हटवावे लागले.

समुद्राला मात्र परवाना लागत नाही. २०१९ साली स्वयंसेवकांनी पाच आठवडे श्रमून या बेटावरून २५ टन प्लॅस्टिक गोळा केले. तरीही सुमारे ५१३ टन मागे राहिले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वजनाने त्यात बहुतांश मासेमारीची जाळी व दोरखंड होते. संख्येने पाहता रबरी चपलाच लाखोंनी होत्या. त्या चपला घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी अल्डाब्राचे नाव ऐकले असेल.

म्हणून नौका भाड्याने घेऊन अल्डाब्रास जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच काही कामे उरकावीत. नौकेचा तळ घासून घ्यावा, सामानात उंदीर वा मुंग्या नाहीत हे पाहावे, बुटांच्या तळव्यांत रुतलेले बी व माती झाडून टाकावी. बेटावर कासवाची वाट अडवू नये, शिंपलाही उचलू नये, आणि स्वतःचा कचरा नौकेवरून माघारी न्यावा. ज्यांना तेथे कधीच जाता येणार नाही, अशांनीही आपली तुटकी चपल खाडीत न टाकता नीट विल्हेवाटीस लावली, तर त्यांच्याकडूनही त्या दूरच्या बेटाची थोडी राखण होईल.