जादूत एमए करायचंय?

हो, खरंच करता येतं! इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठात 2024 पासून ‘मॅजिक अँड ऑकल्ट सायन्स’ हा एमएचा अभ्यासक्रम सुरू आहे. तिथं मंत्र मारायला शिकवत नाहीत. माणसं जादूवर विश्वास का ठेवत आली, ते इतिहास, साहित्य, पुरातत्त्व, धर्म अशा अंगांनी तपासतात. आणि हा अभ्यासक्रम आहे तिथल्या अरब आणि इस्लामी अभ्यास संस्थेत! मला हे फार योग्य वाटतं, कारण युरोपच्या जादूचं मोठं भांडार अरबीतूनच आलं.

‘घायत अल-हकीम’ हा अरबी ग्रंथ घ्या. 1256 च्या सुमारास स्पेनमधल्या कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात तो स्पॅनिशमध्ये आणि पुढे लॅटिनमध्ये गेला, ‘पिकाट्रिक्स’ नावानं. त्यात चंद्राची 28 घरं आहेत, तीही भारतीयांचं नाव घेऊन! म्हणजे आपली अश्विनी, भरणी, कृत्तिका ही नक्षत्रमाळच. चंद्र पहिल्या घरात असताना सुखरूप प्रवासासाठी ताईत करावा, असं त्यात सांगितलंय. आपण मुहूर्त काढतो, तेच हे.

अॅमस्टरडॅम विद्यापीठातही 1999 पासून गूढविद्येच्या इतिहासाचं स्वतंत्र अध्यासन आहे, तिथंही मास्टर्स करता येतं. पण संस्कृत, फारसी किंवा अरबी येत असेल, तर आधी एक्सेटरचंच पान उघडा.