जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

आज आपल्या ग्रामसंघाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल बोलू या.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये 12 गटांची बचत, कर्ज, हप्ते सगळे आहे. पण सकाळी बटण दाबायचे आणि कार्यालय झाडून घ्यायचे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असायचे. मार्चअखेरीला बँकेला कागद द्यायचे होते आणि एक तक्ता उघडायला पाच-सात मिनिटे लागत होती. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "हा भंगारात घाला, नवा घ्या." नव्यासाठी निधीतून पैसे काढले असते, तर दोघींचे शेळीपालनाचे कर्ज मागे पडले असते. म्हणून आम्ही दुसऱ्या दुरुस्तीवाल्या दादांना विचारले. ते म्हणाले, "ताई, डबा चांगला आहे. आतली डिस्क तेवढी बदला."

हे काय असते? जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्या आत तबकडी जात्यासारखी गरगर फिरते, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे. एक बारीक दांडी तबकडीवर इकडून तिकडे सरकत माहिती शोधते. माहिती दहा ठिकाणी विखुरलेली असली, की दांडी दहा ठिकाणी जाते. वेळ जातो तो या धावाधावीत.

नवी डिस्क म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारे काहीच नाही. आपल्या मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये असतात तशा जातीच्या चिपा असतात. मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी सगळे हाताशी असते ना, तसे. त्यामुळे कॉम्प्युटर लवकर सुरू होतो आणि फाइल पटकन उघडते.

पण प्रत्येक आजारावर हेच औषध नाही. आधी तपासा. कॉम्प्युटर सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लहान चौकट आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. तिथे 'डिस्क' पुढचा आकडा बराच वेळ 100 टक्क्यांजवळ असेल, तर डिस्क कमी पडते आहे. 'मेमरी'चा आकडा भरलेला असेल, तर रॅम कमी आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटाच वीतभर असेल, तर कोठी कितीही चांगली असून सारखे आत-बाहेर करावे लागते. मग रॅमही वाढवावी लागते. आणि फक्त इंटरनेट हळू असेल, तर डिस्क बदलून ते धावणार नाही.

दुकानात जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, जोडणी. जुन्या डेस्कटॉपला लागते ती अडीच इंची 'साटा' एसएसडी. फार जुन्या मशीनमध्ये रुंद पट्टीसारखी वायर असते, तिला ही थेट बसत नाही. म्हणून डबा उघडून दाखवा, मगच खरेदी करा.

दोन, आकार. जुन्या डिस्कवर किती जागा वापरली आहे ते बघा आणि त्याहून मोठी घ्या. हिशेब आणि पत्रव्यवहारासाठी 240 किंवा 256 जीबी बहुधा पुरते. फोटो-व्हिडिओ बरेच असतील तर 500 जीबीची बघा.

तीन, पक्के बिल आणि वॉरंटी. सीलबंद खोकेच घ्या. फार स्वस्त मिळते आहे म्हणून अनोळखी माल घेऊ नका.

चार, आणि ही सगळ्यांत मोठी गोष्ट: डब्याला हात लावण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि तिथून दोन-चार फाइली उघडून बघा. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल, तर हे आजच करा.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे. वीज बंद करून वायर भिंतीतून काढायची. हात आधी डब्याच्या पत्र्याला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपांना बाधत नाही. मग दोन वायरी, एक माहितीची, एक विजेची. जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवायला मात्र काही तास लागू शकतात.

इथे आमची एक चूक झाली. डिस्क बसली, पण कॉम्प्युटर होता तसाच हळू. दोन दिवस आम्ही नोंदी केल्या, दादांना बोलही लावले. मग कळले, कॉम्प्युटर अजून जुन्या डिस्कवरूनच सुरू होत होता. आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, हा क्रम 'बायोस'मध्ये बदलायचा राहिला होता. तो बदलला, दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. आता बटण दाबून वही काढेपर्यंत पडदा तयार असतो. खर्च नव्या कॉम्प्युटरपुढे फारच थोडा झाला. कागद वेळेत गेले आणि शेळ्यांचे कर्जही थांबले नाही.

एक खरे सांगायला हवे. डिस्क बदलली तरी विंडोज जुनीच राहते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पैशांचे ऑनलाइन व्यवहार करत असाल, तर त्याबद्दल जाणकाराला जरूर विचारा.

शेवटी जुन्या डिस्कबद्दल. ती दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात आपल्या बायांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती आहेत. महिनाभर जपून ठेवा. सगळे नीट चालले, की पूर्ण पुसून जादा साठ्यासाठी वापरा. आणि एसएसडी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती बिघडली तर कधीकधी आवाज न करता एकदम बंद पडते. दर महिन्याच्या बैठकीनंतर एक प्रत काढा आणि ती कार्यालयात नको, दुसऱ्या एखादीच्या घरी ठेवा.

येत्या बैठकीत ती तीन बटणे दाबून बघा, मैत्रिणींनो, आणि काय दिसले ते आम्हाला कळवा.