मिनिटाला बावीस लाखांचे कर्ज

मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांनी १९५० च्या दशकात बंगळूरला विधानसौध उभारले, तेव्हा उधळपट्टी म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. खर्च होता साधारण १ कोटी ८४ लाख रुपये. त्याच विधानसौधात ७ मार्च २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी आपला सोळावा अर्थसंकल्प मांडला. आकार ४,०९,५४९ कोटी, त्यात नवे कर्ज १,१६,००० कोटी. भागाकार करून पाहा: दिवसाला ३१८ कोटी, तासाला सव्वातेरा कोटी, मिनिटाला २२ लाख. विधानसौधाचा तेव्हाचा सारा खर्च या कर्जाच्या साडेआठ मिनिटांतच निघतो. रुपयाची किंमत शंभरपट घसरली असे धरले, तरी चौदा तास पुरतात.

भाजपने एप्रिल २०२५ मध्ये म्हैसूरहून ‘जनाक्रोश यात्रा’ काढली. महागाई आणि करवाढ हे तिचे मोठे मुद्दे, आणि रोख काँग्रेस सरकारच्या पाच गॅरंटी योजनांवर. या योजनांची तरतूद ५१,०३४ कोटी, म्हणजे रोजचे जवळपास १४० कोटी. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या गृहलक्ष्मीची. तरीही शंभर रुपयांच्या अर्थसंकल्पात गॅरंटींचा वाटा साडेबारा रुपये होता आणि कर्जाचा अठ्ठावीस. गृहलक्ष्मीतून महिन्याला दोन हजार रुपये घरच्या बाईच्या हाती पडले तर त्यात वावगे काहीच नाही. खरे दुखणे महसुली तुटीत आहे. त्या अर्थसंकल्पात ती १९,२६२ कोटींची होती. पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने हा चालू खर्च भागवायलाच रोज सुमारे ५३ कोटी कमी पडणार होते. ना त्यातून धरण होते, ना रस्ता.

सरकारचे उत्तर असे होते की एकूण देणी राज्याच्या उत्पन्नाच्या २४.९१ टक्के, मर्यादा २५ टक्के, म्हणजे सगळे नियमात. पण मधल्या नऊ शतांश टक्क्याचे रुपये केले तर ते पावणेतीन हजार कोटींच्या आसपास भरतात. त्या वर्षीच्या वेगाने नऊ दिवसांचेही कर्ज नाही ते.

कर कसा येतो, तेही पाहण्यासारखे आहे. लोकसभेचा निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच जून २०२४ मध्ये पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के झाला. बंगळुरात लिटरचा दर ९९.८४ वरून १०२.८६ रुपयांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा कर पुन्हा वाढला. शक्ती योजनेत जुलै २०२५ पर्यंत बायकांचे ५०० कोटी मोफत प्रवास झाले, म्हणजे दिवसाला सुमारे ६५ लाख. कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर बायकोला शून्य रुपयांचे तिकीट देतो आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडून जानेवारी २०२५ पासून पंधरा टक्के वाढीव भाडे घेतो. शून्याच्या तिकिटाचे पैसेही महामंडळाला सरकारच देते. भाडे वाढले की ते बिलही वाढते, आणि ते भरायचे त्याच घरांच्या करातून.

मार्च २०२६ अखेर राज्याची देणी ७,६४,६५५ कोटी होतील, असा अर्थसंकल्पाचाच अंदाज होता. लोकसंख्या पावणेसात कोटी धरली तर चौघांच्या घरामागे साडेचार लाख रुपये. बेळगावच्या भाजीवालीपासून व्हाइटफील्डच्या इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच.

भाजपचा हा हिशेब मला पटतो. म्हणूनच तो सीमेवर थांबू नये, असे वाटते. महाराष्ट्रात हाच पक्ष सत्तेत आहे. १० मार्च २०२५ रोजी अजित पवारांनी महायुती सरकारचा अर्थसंकल्प मांडला, त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. राज्य मोठे आहे हे खरे, पण ही तूट कर्नाटकच्या दुपटीहून जास्त होती. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ३६,००० कोटी, म्हणजे रोज जवळपास ९९ कोटी. बंगळुरात भाजपचे नेते विजयेंद्र आणि आर. अशोक जे प्रश्न सिद्धरामय्यांना विचारत आले, तेच मुंबईत त्यांच्या पक्षाच्या आमदारांनी स्वतःच्या सरकारला विचारायला हवेत, आणि तेही पुढचा अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आत.