मोहराला थंडी का बाधते?

आपल्या गावात आंब्याची झाडे पुष्कळ आहेत. पौष महिना लागला की त्यांना मोहर येऊ लागतो आणि त्याचा वास सगळीकडे सुटतो. मोहर पाहून सर्वांना आनंद होतो. आंबा म्हणजे नुसती मजा नाही. कैरीचे लोणचे वर्षभर भातासंग पुरते. कैऱ्या बाजारात विकून घरात चार पैसे येतात. पण ज्या साली मोहर जळतो, त्या साली लोणच्याची कैरीसुद्धा विकत आणावी लागते. आमचे आबाजी म्हणतात, "मोहर आला म्हनजे आंबा आला, असं नोको समजू." ते असे का म्हणतात ते मी या लेखात सांगतो.

मोहराचा एक तुरा जवळून पाहा. त्यावर शेकडो बारीक फुले असतात, कधी हजाराच्या वर असतात. ती दोन प्रकारची असतात. काही फुले नुसती नर असतात. त्यांना फळ कधीच धरत नाही. काही फुलांत मधोमध एक बारीक गोळा असतो. त्याचाच पुढे आंबा होतो. तुरा वाढत असताना रात्री फार थंड असल्या तर नर फुले जास्त होतात आणि गोळ्याची फुले कमी होतात. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलावर माश्या नेतात. थंडीत माश्या सुस्त बसून राहतात. पराग पडले तरी ते नीट रुजत नाहीत. मग फुले गळून जातात. त्यात ढग आणि धुके आले तर अजून वाईट. धुक्याला आबाजी धुवारी म्हणतात. अशा हवेत मोहरावर भुरी नावाची पांढरी बुरशी येते आणि तुडतुडे रस शोषतात.

आपल्या भंडारा जिल्ह्यात थंडीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. पाणी गोठते ० अंशाला. जिथे पारा त्याच्याही खाली जातो, तिथल्या फुलांचे काय होत असेल? हिमाचल प्रदेश आणि काश्मीर येथे सफरचंद व नासपतीच्या बागा आहेत. हिवाळ्यात त्या झाडांवर बर्फ पडतो, तरी झाडाला काही होत नाही. तेव्हा झाड जणू झोपलेले असते. पण मार्च-एप्रिलात फुले उमलल्यावर एकच रात्र गारठली तरी घात होतो. पारा शून्याच्या खाली २ अंश गेला की फुले मरू लागतात. ४ अंश खाली गेला की जवळजवळ सगळी मरतात. फुलातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि आतल्या नाजूक पेशी फाटतात. नवल म्हणजे पाकळ्या पांढऱ्याच राहतात. फूल फोडून पाहिले तर मधला भाग काळा पडलेला दिसतो.

अशी रात्र ओळखता येते. आकाश मोकळे असते आणि वारा नसतो. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. ढग असले तर ते गोधडीसारखी ऊब अडवतात. म्हणजे आपल्या मोहराला ढग वाईट, पण तिकडे ते चांगले! गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून खोलगट बागेचे नुकसान जास्त होते.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडते. नाशिक जिल्ह्यात निफाडला द्राक्षाच्या बागा आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पारा २ अंशांच्या खाली गेला होता. मोकळ्या रात्री पाने हवेपेक्षाही गार होतात, म्हणून पारा शून्यावर न जाताही पानांवरचे दव गोठते. द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. तेव्हा शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी देतात. फ्रान्स देशात एप्रिल २०२१ मध्ये शेतकऱ्यांनी बागांमध्ये रात्रभर मोठमोठ्या मेणबत्त्या जाळल्या, तरी पुष्कळ नुकसान झाले. काही ठिकाणी फुलांवर रात्रभर पाणी शिंपडतात. पाणी गोठताना थोडी ऊब सोडते, त्यामुळे फूल बर्फात असूनही वाचते. पण शिंपडणे मधेच थांबले तर फूल मरते.

थंडी थांबवणे आपल्या हातात नाही. पण फूल वर्षातून एकदाच येते, म्हणून एवढे तरी आपण करू या. मोहरावर दगड मारू नये. झाडाच्या बुंध्याशी शेकोटी करू नये, साल भाजते. आणि पालकांना विनंती आहे की फुले उमललेली असताना औषध फवारू नये, कारण माश्या मरतात. माश्या मेल्या तर थंडीतून वाचलेल्या फुलालाही आंबा धरणार नाही.

— इयत्ता ४ थी